फिरस्ता डिफेन्समन: ड्राफ्टमध्ये नाव न आलेल्या मुलाला किती वर्षं द्यावीत?

प्रश्न थोडक्यात असा: कॅनडात ब्रॅम्प्टनला राहणारं मराठी कुटुंब. मुलगा १९ वर्षांचा, ओएचएलमधला (कॅनडातली ज्युनियर आइस हॉकी लीग) त्याचा तिसरा हंगाम, राइट शॉट (स्टिकचं पातं उजवीकडे ठेवून खेळणारा) डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, उंची सहा फूट एक इंच. दोन ड्राफ्ट (सर्वोच्च लीग एनएचएलचे संघ दरवर्षी करतात ती नव्या खेळाडूंची निवड) झाले, नाव आलं नाही. मुलगा म्हणतो, "स्टार नाही झालो तरी चालेल, पण आइस हॉकी खेळूनच पोट भरेन." वडील विचारतात की असं करिअर खरंच असतं का, आणि त्यासाठी किती वर्षं द्यावीत.

आधी प्रश्न जरा सरळ करून घेऊ. "एनएचएल खेळेल का?" याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, आणि जो छातीठोकपणे देतो त्याच्यापासून सावध राहा. तुम्हाला खरं जाणून घ्यायचंय ते वेगळं आहे. जिथे बहुतेक करार एका वर्षाचे असतात, दर उन्हाळ्यात गाव बदलू शकतं आणि संघातल्या सहाव्या-सातव्या जागेसाठी रांग लागलेली असते, तिथे आठ-दहा वर्षं कोण टिकतं? असे खेळाडू असतात आणि शेकड्यांनी असतात. त्यांना जर्नीमन म्हणतात, मी इथे फिरस्ता म्हणेन. माझ्या मते फिरस्ता डिफेन्समन एकाच बळावर टिकतो: ज्या दिवशी बोलावलं त्याच रात्री त्याला बर्फावर उतरवता येतं, काही शिकवावं लागत नाही. खालचं सगळं विवेचन याच गोष्टीभोवती फिरतं.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हेही मान्य करतो. मुलाचा पासपोर्ट कोणता, डोक्याला आजवर किती मार बसला आहे, ओएचएलच्या करारात शिष्यवृत्तीची काय अट आहे, तो रोज किती मिनिटं खेळतो, हे मला माहीत नाही. त्यामुळे जिथे "अमुक असेल तर" म्हणतो, तिथे ते शब्दशः घ्या.

जागांचं गणित पाहू. एनएचएलमध्ये ३२ संघ. प्रत्येक संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू, त्यांत डिफेन्समन सात किंवा आठ, आणि सामन्याला उतरतात बहुधा सहा. ३२ गुणिले ६ म्हणजे १९२ जागा. तिच्याखालच्या एएचएलमध्येही ३२ संघ, म्हणजे आणखी तेवढ्याच. त्याखाली ईसीएचएल, तीसच्या आसपास संघ. ड्राफ्टमध्ये दरवर्षी सात फेऱ्यांत २२४ खेळाडू घेतले जातात, त्यांतले साधारण एक तृतीयांश डिफेन्समन असतात. पुढच्या वर्षी पुन्हा तितकेच येतात, पण जागा तेवढ्याच राहतात.

एनएचएल संघाला एका वेळी ५० खेळाडूंशीच करार करता येतो. त्यांतले वरच्या संघात न मावणारे एएचएलच्या संलग्न संघात खेळतात. म्हणून एएचएल संघाच्या यादीत दोन जातीचे खेळाडू असतात: एनएचएल करारावरचे आणि फक्त एएचएल करारावरचे. पहिल्या गटावर वरच्या संघाने पैसा आणि ड्राफ्टचा क्रमांक खर्च केलेला असतो, त्यामुळे मिनिटं आधी त्यांना मिळतात. तुमचा मुलगा शिरला तर बहुधा दुसऱ्या गटातून शिरेल. तिथे त्याचं काम दुहेरी: स्वतःचा खेळ नीट ठेवायचा, आणि शेजारी उभ्या केलेल्या वीस वर्षांच्या होतकरू मुलाचा खेळ बिघडू द्यायचा नाही. हे दुसरं काम कमी लेखू नका. शांत डोक्याचा जोडीदार मिळाला तर होतकरू डिफेन्समन एका हंगामात ओळखू येणार नाही इतका बदलतो. कोच अशा जोडीदाराची किंमत जाणतात आणि पुढच्या संघाच्या कोचला फोनवर सांगतातही.

आता एक नियम, जो पालकांना सहसा कुणी सांगत नाही. एएचएल सामन्यात गोली (गोलरक्षक) सोडून १८ खेळाडू उतरतात. त्यांतले किमान १३ "विकसनशील" गटातले असावे लागतात. १३ पैकी १२ जणांनी हंगाम सुरू होण्याआधी २६० किंवा त्याहून कमी व्यावसायिक सामने खेळलेले असावेत, आणि एकाची मर्यादा ३२० आहे. या मोजणीत एनएचएल, एएचएल आणि युरोपातल्या वरच्या लीगचे नियमित सामने धरले जातात. म्हणजे पुरते अनुभवी खेळाडू उरतात फक्त पाच, फॉरवर्ड (आक्रमक) आणि डिफेन्समन मिळून. एएचएलचा हंगाम ७२ सामन्यांचा. दुखापती धरून वर्षाला ६५ सामने पकडले तर चार वर्षांत २६० भरतात. विसाव्या वर्षी एएचएलमध्ये रुळलेला मुलगा चोविसाव्या वर्षीच "अनुभवी" ठरतो, आणि तेव्हा तो त्या पाचांत बसण्याइतका चांगला नसेल तर खेळ उत्तम असूनही दार बंद होतं. ईसीएचएलमध्ये अट आणखी कडक आहे: २६० किंवा त्याहून जास्त व्यावसायिक सामने खेळलेले चारच खेळाडू चालतात.

म्हणून कुठे खेळतो याइतकंच हे २६० सामन्यांचं घड्याळ कधी सुरू करतो याला महत्त्व आहे, आणि विद्यापीठाचा मुद्दा इथेच येतो. १ ऑगस्ट २०२५ पासून ओएचएलसारख्या कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकेत एनसीएएच्या (तिथल्या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेच्या) पहिल्या विभागात खेळता येतं. पूर्वी हे दार त्यांना बंद होतं. विद्यापीठातले सामने २६० मध्ये धरले जात नाहीत. डिफेन्समन उशिरा पिकतो: फॉरवर्डची चूक मागच्यांना निस्तरता येते, डिफेन्समनची चूक बहुधा थेट गोलीसमोर जाते, आणि त्या चुका कमी व्हायला वर्षं लागतात. विद्यापीठात सामने कमी, बहुतेक शुक्रवारी-शनिवारी. बाकीचा आठवडा व्यायामशाळा आणि सराव. १८५ पौंडांचा मुलगा २०० पौंडांचा, तोही वेग न गमावता, व्हायला हे वेळापत्रक फार चांगलं. शिवाय हाती पदवी येते.

एनएचएल करार समोर नसेल आणि एनसीएएच्या बऱ्या विद्यापीठ-संघाकडून शिष्यवृत्तीसह जागा मिळत असेल, तर मी तीच घ्यायला सांगतो. "बऱ्या" याचा अर्थ नावाजलेला नव्हे. पुढच्या वर्षी दोन राइट शॉट डिफेन्समन जिथून बाहेर पडणार आहेत तो. संघाची यादी उघडा, कोण शेवटच्या वर्षाला आहे ते मोजा. मोठ्या नावाच्या विद्यापीठात दोन वर्षं गॅलरीत बसणं हा तोट्याचा व्यवहार आहे. प्रवेशाचं वय आणि किती हंगाम खेळता येईल याचे नियम त्या विद्यापीठाच्या कार्यालयाकडून लेखी घ्या. आणि त्याआधी कुठल्याही व्यावसायिक करारावर सही करू देऊ नका.

अमेरिकेत जमलं नाही तर कॅनडाच्या विद्यापीठांचं हॉकी आहे. ओएचएलमध्ये खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या शिक्षणाचा खर्च मिळतो, पण तो किती महिन्यांत वापरायचा आणि कुठल्या लीगचा करार केला की बुडतो, हे मुलाच्या करारात लिहिलेलं असतं. ते पान वाचा. तीन हंगामांची शिष्यवृत्ती म्हणजे तीन वर्षांची फी, आणि घाईत केलेल्या एका सहीने ती जाऊ शकते.

विद्यापीठ नको, थेट व्यावसायिकच, असं ठरलं तर क्रम साधारण असा असतो. वयाने अजून एक ड्राफ्ट शिल्लक असेल तर तो होऊ द्या. त्यानंतर जुलैत एनएचएल संघांची विकास शिबिरं असतात, तिथे ड्राफ्ट न झालेल्यांनाही बोलावतात. सप्टेंबरात नवोदितांचं शिबिर, मग एएचएलचं. तिथून एएचएल करार मिळतो किंवा ईसीएचएलला पाठवलं जातं. विसाव्या वर्षी ओएचएलमध्ये परत खेळायचाही पर्याय असतो, पण एका संघात विशीचे तीनच खेळाडू ठेवता येतात.

ईसीएचएलला पाठवलं म्हणजे संपलं असं घरच्यांना वाटतं. डिफेन्समन डेरेक एंगलंडचा रस्ता बघा. २००० साली न्यू जर्सीने त्याला सहाव्या फेरीत, १९४ व्या क्रमांकावर घेतलं, पण त्यांच्यासाठी तो एकही एनएचएल सामना खेळला नाही. ईसीएचएलमध्ये लास व्हेगस आणि साउथ कॅरोलायना, मग एएचएलमध्ये हर्शी आणि विल्क्स-बॅरी. पिट्सबर्गकडून पहिला एनएचएल सामना २००९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी. २०१४ मध्ये कॅल्गरीने त्याला तीन वर्षांचा, वर्षाला २९ लाख डॉलरचा करार दिला. २०१७ मध्ये तो नव्या व्हेगस संघात गेला, ज्या गावात तो ईसीएचएल खेळला होता तिथेच. एनएचएलचे ६७१ सामने खेळून थांबला. असे रस्ते विरळा आहेत, पण ईसीएचएलमधली वर्षं त्याच्या कामी का आली ते समजून घ्या: तिथे त्याला भरपूर बर्फ, म्हणजे खेळायची मिनिटं, मिळाली. एएचएलमध्ये आठवा डिफेन्समन म्हणून सामन्याबाहेर सूट घालून बसण्यापेक्षा ईसीएचएलमध्ये रात्री २२ मिनिटं खेळणं, पेनल्टी किलवर (आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) पहिली जोडी असणं, पहिल्या दोन वर्षांत जास्त मोलाचं.

वर बोलावणं येतं ते बहुतेक वेळा पीटीओवर, म्हणजे तात्पुरत्या चाचणी करारावर. एएचएलमध्ये तो २५ सामन्यांपर्यंतचा असतो. फोन सकाळी येतो, सामना संध्याकाळी असतो. म्हणून भाड्याची जागा महिन्याच्या बोलीवर घ्यावी, वर्षाचा भाडेकरार करू नये. पासपोर्ट, व्हिसाची कागदं, विम्याचं कार्ड एका पिशवीत कायम तयार असावं. स्वतःच्या मापाच्या किमान चार स्टिक आणि स्केटच्या धार लावलेल्या पात्यांचा जादा जोड सोबत असावा. नव्या गावात साहित्य सांभाळणारा पहिल्या दिवशी नेमका तुमचाच होलो, म्हणजे पात्याच्या खाचेची गोलाई, लावेल याची खात्री नसते. अर्धा इंच होलोवर खेळणाऱ्याला पाच अष्टमांश लावून मिळाली तर वळताना पाय सटकतो, आणि पहिली छाप त्याच शिफ्टमध्ये, म्हणजे बर्फावरच्या त्याच फेरीत, पडते.

पैशाचं चित्र पायरीपायरीने एकदम बदलतं. ईसीएचएलमध्ये हंगामात आठवड्याला काही शे डॉलर आणि राहायची सोय. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, उन्हाळ्यात पगार नाही. एएचएलमध्ये किमान पगार वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर. एनएचएलमध्ये २०२५-२६ ची किमान रक्कम ७,७५,००० डॉलर, आणि ती दिवसांवर वाटली जाते. हंगामाचे साधारण १९० दिवस धरले तर दिवसाला चार हजारांच्या आसपास. दोन पातळ्यांचा (वर आणि खाली वेगळा पगार देणारा) करार असलेला खेळाडू दहा दिवस वर गेला तर ४० हजार डॉलर, म्हणजे एएचएलमधल्या कित्येकांची निम्मी वर्षाची कमाई. फिरस्त्याचं आर्थिक आयुष्य अशा दहा-पंधरा दिवसांवर उभं असतं. त्या रकमेतून गाडी घेणारे मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. तो पुढच्या तीन उन्हाळ्यांच्या सरावाचा, फिजिओचा आणि भाड्याचा पैसा असतो.

वेव्हर हा शब्दही समजून घ्या. ठरावीक वयानंतर किंवा ठरावीक सामन्यांनंतर एनएचएल करारावरच्या खेळाडूला खाली पाठवायचं तर त्याला आधी २४ तास सगळ्या संघांसमोर ठेवावं लागतं, कुणीही उचलू शकतो. नवखा मुलगा या अटीतून मुक्त असतो. त्यामुळे सातव्या जागेसाठी दोघे सारखे असतील तर संघ पुष्कळदा अनुभवी खेळाडूला वर ठेवतो आणि नवख्याला खाली पाठवतो, कारण नवख्याला गमावण्याची भीती नसते. उलट, वेव्हरमधून (कुणीच न उचलल्याने) सुटलेल्या खेळाडूला वर बोलावलं तर दहा सामने किंवा एकूण ३० दिवस होईपर्यंत पुन्हा वेव्हरशिवाय खाली पाठवता येतं. नऊ सामने खेळून परत पाठवलेला डिफेन्समन वाईट खेळला असेलच असं नाही. कुणीतरी कॅलेंडर पाहून निर्णय घेतलेला असतो. हे घरच्यांना माहीत असलं तर त्या रात्रीचा फोन वेगळा होतो.

ल्यूक शेनचं उदाहरण इथे बोलतं. २००८ च्या ड्राफ्टमध्ये पाचवा क्रमांक, म्हणजे सुरुवात अगदी वरून. दहा वर्षांनी, २०१८-१९ मध्ये, वेव्हरमधून सुटून एएचएलमध्ये. पुढच्या उन्हाळ्यात टॅम्पा बेशी किमान रकमेचा, सात लाखांचा करार. तिथे २०२० आणि २०२१ चे दोन स्टॅनली कप (एनएचएलची विजेतेपदं), आणि २०२३ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी नॅशविलकडून तीन वर्षांचा, वर्षाला साडेसत्तावीस लाखांचा करार. मधल्या काळात तो काही वेगळाच डिफेन्समन झाला नव्हता. शरीराने खेळायचं, गोलीसमोरची जागा मोकळी ठेवायची, पक (रबरी चकती) साधेपणाने बाहेर काढायचा, हेच काम तो दर संघात करत राहिला. शेन राइट शॉट आहे हेही लक्षात घ्या. तुमच्या मुलाकडे ती एक गोष्ट आयती आहे. राइट शॉट डिफेन्समन तुलनेने कमी असतात आणि कोचना डाव्या-उजव्याची जोडी लावायला आवडते.

त्याच्या जोडीला डाव्या बाजूलाही खेळता येणं ही सर्वात स्वस्तात मिळणारी भर आहे. राइट शॉट डावीकडे गेला की फळीलगत (रिंकच्या कडेच्या भिंतीलगत) येणारा पक त्याच्या बॅकहँडवर, म्हणजे पात्याच्या उलट्या बाजूवर, येतो. ब्लू लाइनवर (रिंकचे तीन भाग करणाऱ्या निळ्या रेषेवर) तो थांबवणं आणि आपल्या कोपऱ्यातून फळीवरून वर पास देणं, दोन्ही अवघड. रोज सरावानंतर दहा मिनिटं फक्त बॅकहँडवर फळीचे पक घ्यावेत. ज्याला दोन्ही बाजू जमतात तो संघातल्या सहाही डिफेन्समनचा बदली ठरू शकतो.

आता मुख्य कौशल्य. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या, जोडीतल्या डिफेन्समनकडून कोच गोल मागत नाही. तो मागतो की पलीकडच्यांनी आपल्या कोपऱ्यात पक टाकला की हा जाऊन घेईल आणि पक आपल्या भागातून बाहेर जाईल. त्याला रिट्रीव्हल म्हणतात. यातली पहिली चूक जवळजवळ सगळी ज्युनियर मुलं करतात: पककडे बघत पककडे जातात. बरोबर पद्धत अशी: वळतानाच खांद्यावरून एक नजर, आणि पकच्या तीन-चार मीटर आधी दुसरी. पहिल्या नजरेत कळतं अंगावर किती जण येतायत, दुसऱ्या नजरेत कळतं पहिला कुठल्या खांद्यावर आहे. दरम्यान जोडीदार आणि गोली ओरडत असतात. "व्हील" म्हणजे वेग घेऊन गोलामागून स्वतःच ने. "रिव्हर्स" म्हणजे मागे लागलेल्याला ओढत ने आणि पक आलास त्या दिशेला फळीवरून परत सोड. "ओव्हर" म्हणजे गोलामागून जोडीदाराला. "रिम" म्हणजे फळीवरून जोरात गोल फिरव. प्रत्येक संघाचे शब्द थोडे बदलतात. नव्या गावात पोचल्यावर पहिल्या सरावाआधी जोडीदाराला हे चार शब्द विचारून घ्यायचे, बाकी डावपेच नंतर.

दोन नजरा जमल्या की पास आपोआप सुधारतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे डोकं वाचतं. डिफेन्समनला मेंदूचा धक्का बसण्याची नेहमीची जागा हीच: पाठ मैदानाकडे, चेहरा फळीकडे, मागून येणारा वेगात. फळीपासून हात-दोन हात अंतरावर सरळ उभं राहून मार घेणं सर्वात धोक्याचं. एकतर फळीला अंग चिकटवून तिरकं राहावं, नाहीतर लांब. नोकरीच्या भीतीपोटी धक्का लपवून खेळणारे फिरस्ते मी पाहतो. दोन आठवडे बाहेर बसल्याने जेवढं नुकसान होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुसऱ्या धक्क्याने होतं. हे मुलाशी आत्ताच, शांतपणे बोला.

दुसरं, अंतर. पक घेऊन समोरून येणाऱ्या फॉरवर्डपासून मधल्या भागात एक-दोन स्टिकचं अंतर, आणि आपल्या ब्लू लाइनपाशी स्टिक पोचेल इतकं. आपला बाहेरचा खांदा त्याच्या आतल्या खांद्यासमोर, म्हणजे त्याला मधली वाट बंद आणि फळीकडची उघडी. नजर छातीवर, पकवर ठेवली की हाताच्या हुलकावणीला बळी पडतो. इथे जे सर्वात जास्त फसतं ते एका बाजूचं वळण. उलटं स्केटिंग करताना डावीकडे सहज वळणारा मुलगा उजवीकडे वळताना अर्धा सेकंद उभा राहतो. स्काउट नेमका तोच अर्धा सेकंद लिहून घेतात.

तिसरं, पेनल्टी किल. तिसऱ्या जोडीची मिनिटं बारा-तेराची सतरा होतात ती इथूनच. शॉट अडवताना लवकर आडवं पडणं ही ज्युनियरची सवय सोडावी लागते. आडवा पडलेला डिफेन्समन पुढच्या पासला निरुपयोगी. एक गुडघा, छाती समोर, स्टिकचं पातं बर्फावर, पाय समोरून दिसतील असे. बूट बाजूने वळला तर पक घोट्याच्या आतल्या हाडावर बसतो, तिथे संरक्षण पातळ असतं. बुटावर बसणारी प्लास्टिकची कवचं वजनाला थोडी जड वाटतात म्हणून मुलं काढतात. ती काढू देऊ नका. पायाचं हाड मोडलं की सहा आठवडे जातात आणि तेवढ्यात जागा दुसऱ्याची होते.

आठवड्याचा रेटाही वेगळा असतो. शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवसांत तीन सामने, मध्ये बस. तिसऱ्या सामन्यात पाय जड झाल्यावर पहिली गोष्ट जाते ती खांद्यावरची नजर, आणि दुसरी शिफ्टची लांबी. ४० ते ४५ सेकंदांची शिफ्ट ६० वर गेली की उशिराचा प्रत्येक गोल त्याच जोडीवर होतो. थकलेल्या दिवशी छोटी शिफ्ट आणि साधा पास, हेच फिरस्त्याचं कसब.

युरोपचा पर्याय पंचविशीनंतर खरा होतो, आणि अनेकांना तिथेच सर्वात स्थिर वर्षं मिळतात. जर्मनीच्या डीईएलमध्ये संघाला परदेशी खेळाडूंचे ११ परवाने आणि सामन्यात नऊ. स्वित्झर्लंडच्या वरच्या लीगमध्ये सामन्यात सहा. इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्स-उत्तर आयर्लंडमधल्या लीगमध्ये परदेशी खेळाडू बरेच असतात आणि काही क्लब विद्यापीठातल्या पदव्युत्तर शिक्षणाची सोयही देतात. इथे दोन गोष्टी समजून घ्या. एक, परवाना मर्यादित असल्याने क्लब तो गोल आणि पास देणाऱ्या डिफेन्समनवर खर्च करतो. शॉट अडवणारा त्याला गावातच मिळतो. म्हणून ज्याला युरोप हवं त्याने पॉवर प्लेवर (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) दुसऱ्या गटात तरी उभं राहायला शिकावं, नोंदीत गुण दिसायला हवेत. जुन्या रिंकची रुंदीही ३० मीटर असते, उत्तर अमेरिकेत २६ च्या जरा खाली. तेच अंतर ठेवलं तर बाहेरची वाट फार मोठी उरते. दोन, पासपोर्ट. कॅनडातल्या अनेक मुलांना आजी-आजोबांमुळे इटलीचं किंवा जर्मनीचं नागरिकत्व मिळू शकतं आणि मग परवाना कमी लीगमध्ये लागतो. आपल्या घरांतल्या मुलांकडे ती वाट बहुधा नसते, त्यामुळे त्याला प्रत्येक ठिकाणी परदेशी म्हणूनच जागा जिंकावी लागेल. कॅनडाचं नागरिकत्व घेतलेलं नसेल, फक्त कायम निवासी असाल, तर अमेरिकेच्या सीमेवरचा प्रत्येक प्रवासही व्हिसावर अडेल. दुपारी बोलावलेला खेळाडू रात्री पोचू शकत नसेल तर त्याला बोलावलं जात नाही. नागरिकत्वाचा अर्ज या महिन्यात करा.

युरोपच्या करारात पगार हातात येणारा की करआधीचा, घर, गाडी, विमानभाडं आणि दुखापतीत पगार चालू राहतो का, हे पाच मुद्दे लेखी हवेत. सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्लबला काढून टाकता येईल अशी चाचणीची अट असेल तर परतीचं तिकीट कोण देणार तेही.

तर वर्षांचा हिशोब. माझं मत असं: चांगली जागा मिळाली तर आधी विद्यापीठ, आणि तिथून बाहेर पडल्यावर व्यावसायिक खेळाला तीन हंगाम. थेट गेला तरी तीनच, पण शिष्यवृत्ती शाबूत राहील अशा बेताने. पहिल्या हंगामात तो कुठल्याही लीगमध्ये रोज खेळतोय एवढंच पाहा. दुसऱ्याच्या शेवटी वरच्या पातळीवर निदान एकदा बोलावणं आणि तिथे काही सामने झालेले असावेत. तिसऱ्याच्या शेवटी एएचएलमध्ये नियमित किंवा युरोपात वरच्या लीगचा करार, दोन्हींपैकी एक नसेल तर पुढची वर्षं हौसेची होतील. ती खेळायला हरकत नाही, फक्त तसं ठरवून खेळावीत. डिफेन्समन रॉन हेन्सीला एनएचएलमधला पहिला प्लेऑफ (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीचा) सामना खेळायला ९०७ नियमित सामने वाट पाहावी लागली आणि त्याच वर्षी, २०१७ मध्ये, त्याने पिट्सबर्गबरोबर कप जिंकला. पण ती वाट त्याने एनएचएलचा पगार घेत पाहिली होती, हे त्याच्या नावाने धीर देणारे सांगत नाहीत.

या आठवड्यात करण्याजोगं काम सांगतो. मुलाच्या शेवटच्या पाच सामन्यांचं चित्रण घ्या. त्याने आपल्या कोपऱ्यातून उचललेला प्रत्येक पक वहीत लिहा, तीन रकान्यांत: आपल्या खेळाडूला नीट पास गेला, नुसता बाहेर भिरकावला, समोरच्यांना मिळाला. शेजारी चौथा रकाना: पक घेण्याआधी खांद्यावरून किती वेळा पाहिलं, शून्य, एक की दोन. मोजणी मुलालाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा. शून्य लिहिलेल्या ओळींत तिसरा रकाना किती वेळा भरला ते त्याला तिथेच दिसेल. महिन्याने पुन्हा पाच सामने घ्या. दोन्ही वह्या त्याच्या सल्लागाराला द्या आणि जुलैच्या शिबिरांसाठी तीन-चार संघांना पाठवायच्या व्हिडिओत गोलांच्या आधी हे रिट्रीव्हल घालायला सांगा; दहा-बारा पुरेत, त्यांतले निदान चार डाव्या बाजूचे असू द्या.